नरकदर्शन ते नगरविकास : बेप्पू या जपानी किनारी शहराच्या पर्यटनाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

जपानच्या चार मुख्य बेटांपैकी क्युशू हे नैर्ऋत्येकडील बेट होय. या बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, ओइता प्रांतात, बेप्पू हे शहर वसलेले आहे. लोकसंख्या एक लाखाहून थोडी अधिक. पुढे उपसागर, मागे ज्वालामुखी पर्वत आणि या दोहोंमधील उतारावर घरांच्या छपरांतून, गटारांच्या झाकणांतून, शेताच्या बांधांवरून सतत वर चढणारी पांढरी वाफ, असे या शहराचे रूप आहे. शहराच्या हद्दीत गरम पाण्याचे दोन हजारांहून अधिक उगम आहेत आणि त्यांतून मिनिटाला ऐंशी हजार लिटरपेक्षा जास्त पाणी बाहेर पडते. उगमांच्या संख्येत आणि पाण्याच्या प्रमाणात जपानमधील दुसरे कोणतेही ठिकाण बेप्पूची बरोबरी करू शकत नाही. निसर्गदर्शन, भोजन आणि उष्णोदकस्नान या तीन हेतूंनी दरवर्षी लाखो प्रवासी येथे येतात.

प्रवासवर्णनांतून आणि माहितीपत्रकांतून बेप्पूचे हे वैभव निसर्गाची देणगी म्हणून सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. पाणी हजारो वर्षे वाहत होते. परंतु ज्याला आज पर्यटननगरी म्हटले जाते ते बेप्पू जेमतेम दीडशे वर्षांचे आहे. बंदर, आगबोट, बांबूच्या साहाय्याने खोदलेल्या विहिरी, जाहिरात आणि मोटारबस यांनी ते घडविले. त्याच काळात, त्याच पाण्यावर, प्रवाशाशी फारसा संबंध नसलेली एक दुसरी व्यवस्थाही उभी राहिली. ती म्हणजे गल्लीगल्लीतील रहिवाशांनी वर्गणी काढून चालविलेली सामाईक स्नानगृहे. प्रवाशांचे बेप्पू आणि रहिवाशांचे बेप्पू यांचा भूगर्भातील साठा एकच आहे. प्रस्तुत लेखात या दोहोंच्या संबंधाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

भूगोल आणि प्राचीन उल्लेख :

शहराच्या पश्चिमेस त्सुरुमी हा १,३७५ मीटर उंचीचा ज्वालामुखी पर्वत उभा आहे. पावसाचे पाणी या पर्वतात खोलवर मुरते, तप्त खडकांच्या सान्निध्यात तापते आणि उत्तर व दक्षिण बाजूंच्या दोन प्रस्तरभंगांच्या आधाराने समुद्राकडे उतरत येते. वरच्या उतारावर ते उकळते पाणी व वाफ या रूपात बाहेर पडते. किनाऱ्याजवळ येईपर्यंत त्यात थंड भूजल मिसळून ते स्नानास योग्य होते. ही उतरण लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण पुढील इतिहासातील बहुतेक वाद हे वरच्यांनी घेतलेल्या पाण्याचा खालच्यांवर काय परिणाम होतो, याच प्रश्नाभोवती फिरतात.

आठव्या शतकात सम्राटाच्या आज्ञेवरून जपानच्या निरनिराळ्या प्रांतांची वर्णने तयार करण्यात आली. त्यांना फुदोकी म्हणतात. बुंगो प्रांताच्या फुदोकीत (बुंगो म्हणजे सध्याच्या ओइताचा बहुतांश भाग) या परिसरातील दोन झऱ्यांची नोंद आहे. एका झऱ्याचे पाणी तांबडे असून त्यातील चिखल घराच्या खांबांना रंग देण्यासाठी वापरला जाई. आज ‘चिनोइके जिगोकु’ म्हणजे रक्तकुंड नरक या नावाने जे स्थळ दाखविले जाते, ते हेच असे मानतात. दुसऱ्या झऱ्याजवळ जाऊन कोणी मोठ्याने ओरडले की पाणी दचकल्यासारखे उसळून वर येई, असे तेथे लिहिले आहे. या नोंदीतील बारकावा असा की झऱ्याच्या पाण्यात स्नान करण्यापेक्षा त्याचा रंग व त्याचा स्वभाव यांचेच कुतूहल तीत अधिक आहे. शेजारच्या शिकोकू बेटावरील इयो प्रांताच्या फुदोकीच्या अवशिष्ट भागात मात्र, निश्चेष्ट पडलेल्या एका देवाला शुद्धीवर आणण्यासाठी येथील गरम पाणी समुद्राखालून नेल्याची कथा आहे. रोगनिवारक पाणी ही कल्पना अशा रीतीने बरीच जुनी ठरते.

इ.स. ८६७ मध्ये त्सुरुमी पर्वताचा स्फोट झाला. राजदरबाराच्या इतिवृत्तात त्याची नोंद आहे. उकळती कुंडे, दुर्गंधीयुक्त धूर आणि तापलेला चिखल असलेल्या भागाला पुढे जपानी बौद्ध परंपरेतील संज्ञेनुसार ‘जिगोकु’ म्हणजे नरक असे म्हटले जाऊ लागले. तेथे पीक येत नसे, जनावर चरत नसे. अशी जमीन कोणाला नको असे.

या नरकांना शांत करण्याचे श्रेय परंपरेने इप्पेन या भिक्षूला दिले जाते. जी पंथाचा हा संस्थापक (१२३९-१२८९) १२७६ मध्ये क्युशूत फिरत असताना समुद्रमार्गे बेप्पूला उतरला आणि त्याने कान्नावा येथे वाफेच्या स्नानाचे स्थान निर्माण केले, अशी श्रद्धा आहे. कान्नावाच्या वाफस्नानात दगडी बुटक्या खोलीच्या जमिनीवर सेकिशो ही सुगंधी वनस्पती पसरून तिच्यावर निजावे लागते. ही वनस्पती आपल्याकडील वेखंडाच्या कुळातीलच होय. इप्पेनच्या कथेतील इतिहास किती आणि भक्ती किती हे वेगळे करणे कठीण असले, तरी भीतिदायक वाफेला उपचाराचे रूप देण्याचे काम धार्मिक माणसाच्या नावावर जमा व्हावे, ही बाब त्या काळाच्या मनोवृत्तीवर प्रकाश टाकते.

तोजी : उपचारासाठीचा मुक्काम

इदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या अवधीत, सामान्य जपानी माणसाच्या प्रवासावर बंधने होती. तीर्थयात्रा आणि उष्णोदकाचा उपचार ही प्रवासाची मान्य कारणे होती. या उपचारास ‘तोजी’ म्हणतात. तोजी म्हणजे एका दिवसाची सहल नव्हे. शेतीची कामे संपली की शेतकरी एक, दोन, कधी तीन आठवडे झऱ्याजवळ राहत, दिवसातून अनेकदा स्नान करीत आणि श्रमाने दुखावलेले शरीर पुढच्या हंगामासाठी तयार करीत. १६९४ मध्ये काइबारा एक्केन या प्रसिद्ध विद्वानाने या प्रदेशाचा प्रवास केला. बेप्पू गावातील लोकांच्या घरांच्या आवारातच गरम पाणी असल्याचे आणि ओहोटीच्या वेळी समुद्रकिनाऱ्यावरही लोक स्नान करीत असल्याचे त्याने नोंदविले आहे. किनाऱ्यावरील तापलेल्या वाळूत स्वतःला पुरून घेण्याची पद्धत आजही शहरात चालू आहे.

सेतो अंतर्गत समुद्राच्या काठावरील शेतकरी आणि कोळी आपल्या होड्या घेऊन बेप्पूला येत. होडीतच स्वयंपाक, होडीतच निजणे आणि किनाऱ्यावर जाऊन स्नान, असा त्यांचा क्रम असे. बंदरात ओळीने नांगरलेल्या या ‘तोजीच्या होड्या’ वसंत ऋतूतील बेप्पूची खूण होत्या आणि दुसऱ्या महायुद्धानंतरही काही काळ त्या येत राहिल्या. धर्मशाळेचे भाडे वाचविणारा हा प्रवासी श्रीमंत नव्हता. पर्यटनाच्या इतिहासात त्याची नोंद क्वचितच घेतली जाते. वास्तविक बेप्पूची कीर्ती सर्वप्रथम किनाऱ्याकिनाऱ्याने पसरविली ती याच माणसाने.

कान्नावा भागात मुक्कामी लोकांसाठी भाड्याच्या खोल्यांची पद्धत रूढ झाली. जेवण घरमालक देत नसे. अंगणात वाफेवर बांधलेली दगडी चूल असे आणि पाहुण्याने आपले तांदूळ, रताळी, मासळी तीवर शिजवून घ्यावी अशी रीत होती. स्वतः शिजवायचे म्हणजे टोपल्या, रोवळ्या, चाळण्या लागत. परिसरात बांबू विपुल असल्याने या वस्तू स्थानिक लोक विणून विकू लागले आणि मुक्काम संपल्यावर पाहुणे त्या घरी नेऊ लागले. बेप्पूच्या बांबूकामाचा पाया असा स्वयंपाकघरात घातला गेला. १९६७ मध्ये शोनो शोउन्साइ (१९०४-१९७४) या बेप्पूच्या कारागिरास बांबूकलेतील पहिला ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा सन्मान मिळाला आणि १९७९ मध्ये शासनाने या कामास पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला.

म्योबान भागाची कथा थोडी निराळी आहे. तेथे सतराव्या शतकापासून निळसर माती आणि जमिनीतील वाफ यांच्या संयोगाने तुरटी तयार केली जाई. मेइजी काळात परदेशी तुरटी स्वस्त मिळू लागली आणि हा धंदा बुडाला. तेव्हा त्याच गवताच्या छपराखाली, जवळजवळ त्याच पद्धतीने स्नानाच्या पाण्यात टाकावयाची पूड तयार होऊ लागली. या निर्मितितंत्रास २००६ मध्ये राष्ट्रीय पातळीवर अमूर्त लोकसांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता देण्यात आली.

बंदर, आगगाडी आणि बांबूची खोदणी :

१८६८ च्या मेइजी परिवर्तनानंतर प्रवासावरील बंधने गेली. १८७१ मध्ये बेप्पूला नवे बंदर बांधण्यात आले आणि त्याच दशकात ओसाकाशी आगबोटीची वाहतूक सुरू झाली. १८७९ मध्ये बंदराजवळ ताकेगावारा हे सार्वजनिक स्नानगृह उभे राहिले. आरंभी त्याचे छप्पर बांबूचे होते. पुढे ते कौलारू झाले आणि नावात बांबू व कौल दोन्ही राहिले. सध्याची भव्य लाकडी इमारत १९३८ ची आहे. १९०० मध्ये ओइता व बेप्पू यांच्यामध्ये विजेवर चालणारी ट्राम धावू लागली. क्युशूतील ती पहिली ट्राम होय. १९११ मध्ये रेल्वे आली. १९१२ मध्ये ओसाका शोसेन या जहाज कंपनीने ‘कुरेनाइ मारू’ ही प्रशस्त प्रवासी बोट ओसाका-बेप्पू मार्गावर आणली. ओसाकाचा व्यापारी वा कारकून आता रात्री बोटीत चढून दुसऱ्या दिवशी गरम पाण्यात उतरू शकत होता. या मार्गाचे महत्त्व अजून ओसरलेले नाही. २०२३ मध्ये या मार्गावर द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालणारी जपानमधील पहिली फेरीबोट सुरू झाली, तेव्हा तिच्या नावातही ‘कुरेनाइ’ हा शब्द जाणीवपूर्वक ठेवण्यात आला.

वाहतुकीच्या साधनांचा उल्लेख बहुतेक ग्रंथांत येतो. विहीर खोदण्याच्या तंत्राकडे मात्र दुर्लक्ष होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तोक्योजवळील काझुसा प्रदेशात पाण्यासाठी खोल छिद्र पाडण्याची एक पद्धत विकसित झाली. बांबूच्या लांब पट्ट्या एकमेकींना जोडून त्यांच्या टोकाला लोखंडी पहार बांधावयाची, वर लवचिक बांबूंचा धनुष्यासारखा आधार द्यावयाचा आणि दोनतीन माणसांनी ती पहार सतत खालीवर करीत राहावयाचे. यंत्राची, कोळशाची गरज नाही. बांबू तर जागोजागी उपलब्ध. ही पद्धत बेप्पूला पोहोचली आणि झरा असेल तेथे घर बांधण्याऐवजी घर असेल तेथे झरा काढणे शक्य झाले. धर्मशाळा, खाजगी बंगले, दवाखाने, सर्वांनी आपापल्या जागेत छिद्रे पाडली. निसर्गाने ठरविलेल्या मोजक्या जागांवरून गरम पाणी संपूर्ण उतारभर पसरले ते या बांबूच्या पहारीमुळे. १९०६ मध्ये बेप्पू व हामावाकी ही गावे एकत्र झाली आणि १९२४ मध्ये बेप्पूला शहराचा दर्जा मिळाला. त्याच सुमारास क्योतो विद्यापीठाने येथे भूभौतिकी संशोधनाचे केंद्र स्थापन केले. पाणी किती आहे आणि ते कोठून येते, हा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने विचारण्यास आरंभ झाला. प्रश्न विचारला जाईपर्यंत छिद्रे पाडून झाली होती, हेही लक्षात घेतले पाहिजे.

नरकदर्शन आणि आबुराया कुमाहाची :

ज्या जमिनीला कोणी विचारीत नव्हते तिला विसाव्या शतकाच्या आरंभी अचानक मोल आले. १९१० च्या सुमारास ‘उमि जिगोकु’ म्हणजे सागर नरक या निळ्या, जवळपास उकळत्या कुंडाभोवती कुंपण घालून पाहणाऱ्यांकडून काही सेन शुल्क घेण्यास सुरुवात झाली. इतर नरकांच्या मालकांनीही तोच कित्ता गिरविला. कोठे चिखलाचे बुडबुडे, कोठे तांबडे कुंड, कोठे ठरावीक अंतराने उसळणारे कारंजे. एका नरकात तर १९२३ पासून गरम पाण्याच्या उष्णतेवर मगरी पाळण्यात आल्या. येथे स्नानाचा संबंधच नव्हता. पाण्यात उतरण्याऐवजी पाणी बघणे हाच उद्देश होता आणि त्याचे पैसे मोजले जात होते. तोजीच्या दीर्घ मुक्कामाकडून अर्ध्या दिवसाच्या दर्शनाकडे झालेला हा बदल बेप्पूच्या इतिहासातील सर्वांत मोठे वळण म्हणावे लागेल.

या वळणाचा पुरेपूर उपयोग ज्याने करून घेतला तो आबुराया कुमाहाची (१८६३-१९३५) हा मूळचा शिकोकूतील उवाजिमा या गावचा. ओसाकात तांदळाच्या सट्ट्यात त्याने अफाट पैसा मिळविला आणि तितक्याच त्वरेने तो गमावला. नंतर तो अमेरिकेस गेला, तेथे काही वर्षे राहिला आणि त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. परत आल्यावर पत्नीच्या पाठोपाठ तो बेप्पूला आला आणि १९११ मध्ये त्याने कामेनोइ नावाची लहानशी धर्मशाळा उघडली. प्रवाशाचा आदरसत्कार करावा, ही बायबलमधील शिकवण त्याने व्यवसायाचे ब्रीद म्हणून स्वीकारली. १९२४ मध्ये या धर्मशाळेचे पाश्चात्त्य धर्तीच्या हॉटेलात रूपांतर झाले.

कुमाहाचीच्या जाहिरातीच्या कल्पना आजच्या काळातही चकित करतात. पर्वत पाहावा तर फुजी, समुद्र पाहावा तर सेतो आणि उष्णोदक घ्यावे तर बेप्पूचे, अशा अर्थाचा खांब त्याने थेट फुजी पर्वतावर नेऊन रोवला. आपले तळहात मोठे आहेत म्हणून १९३१ मध्ये त्याने मोठ्या तळहाताच्या माणसांची देशव्यापी स्पर्धा भरविली. उष्णोदकाचे जपानभर दिसणारे तीन वाफांचे चिन्हही त्याचेच असे बेप्पूकर सांगतात. पण हे चिन्ह त्याच्या आधीच्या नकाशांतही आढळते, तेव्हा त्याने ते लोकप्रिय केले एवढेच म्हणणे योग्य ठरेल.

१९२७ मध्ये ओसाका व तोक्यो येथील दोन संलग्न वृत्तपत्रांनी जपानमधील आठ नवी प्रेक्षणीय स्थळे निवडण्यासाठी लोकांकडून पोस्टकार्डे मागविली. नऊ कोटींहून अधिक कार्डे आली. ही संख्या तत्कालीन जपानच्या लोकसंख्येहूनही मोठी होती, यावरून गावोगावच्या मंडळींनी कार्डांचे किती गठ्ठे टाकले असतील याची कल्पना येते! उष्णोदक या विभागात अंतिम निवड बेप्पूची झाली. लगेच १९२८ मध्ये कुमाहाचीने नरकदर्शनासाठी मोटारबस सुरू केली. या बसमध्ये तरुण स्त्रिया सात-पाच अक्षरांच्या पारंपरिक लयीत वाटेवरील स्थळांचे वर्णन म्हणून दाखवीत. जपानमधील स्त्री बस-मार्गदर्शकांचा प्रारंभ येथून झाला असे मानले जाते. स्वतंत्रपणे विखुरलेल्या, परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या कुंडांना या बसने एका धाग्यात ओवले. ‘नरकफेरी’ ही वस्तू विकत घेण्याजोगी झाली. तसेच बेप्पूच्या गजबजाटापासून दूर, डोंगरापलीकडील युफुइन येथे निवांत विश्रामस्थान विकसित करण्याची दृष्टीही त्याचीच होती. आज युफुइन स्वतंत्रपणे प्रसिद्ध आहे. बेप्पू रेल्वे स्थानकासमोर २००७ मध्ये उभारलेला कुमाहाचीचा दोन्ही हात वर केलेला हसरा पुतळा प्रवाशांचे स्वागत करतो.

युद्ध आणि छावणी :

पर्यटनाच्या या बहरामागे लष्कराची सावली पूर्वीपासून होती. १९१२ मध्ये भूसेनेचे आणि १९२५ मध्ये कामेगावा येथे नौसेनेचे रुग्णालय स्थापन झाले होते. १९३१ मध्ये क्युशू शाही विद्यापीठाने उष्णोदक-चिकित्सेची संस्था उघडली. १९३७ च्या वसंतात बेप्पूने आंतरराष्ट्रीय उष्णोदक पर्यटन महाप्रदर्शन भरविले. जुलैत चीनशी युद्ध पेटले. प्रदर्शन पाहावयास आलेल्यांची जागा हळूहळू जखमी सैनिकांनी घेतली.

शहरावर मोठे हवाई हल्ले झाले नाहीत, म्हणून इमारती शाबूत राहिल्या. शरणागतीनंतर येथे अमेरिकन छावणी उभारण्यात आली आणि ती १९५० च्या दशकापर्यंत राहिली. परदेशी सैनिक, चीन व कोरियातून परतलेली निर्वासित कुटुंबे आणि उपचारार्थ राहिलेले जखमी अशी त्या काळातील वस्ती होती. या अवस्थेत १९५० मध्ये बेप्पूला आंतरराष्ट्रीय पर्यटन व उष्णोदक संस्कृतीचे शहर म्हणून विकसित करण्याचा विशेष कायदा झाला. नव्या राज्यघटनेनुसार एकाच शहराला लागू होणाऱ्या कायद्यास तेथील मतदारांची संमती आवश्यक होती. त्याप्रमाणे बेप्पूत सार्वमत घेण्यात आले. आपले शहर पर्यटनाचे असावे काय, असा प्रश्न मतपेटीतून नागरिकांना विचारला गेल्याची उदाहरणे जगात फार नसतील.

नौसेनेच्या रुग्णालयाचे राष्ट्रीय रुग्णालय झाले. तेथील अस्थिशल्यचिकित्सक डॉ. नाकामुरा युताका यांनी अपंगांच्या पुनर्वसनात खेळाला स्थान दिले. १९६४ च्या तोक्यो पॅरालिंपिकमध्ये जपानी पथकाचे नेतृत्व करून परतल्यावर त्यांनी १९६५ मध्ये बेप्पूत ‘ताइयो नो इए’ म्हणजे सूर्यगृह ही संस्था स्थापन केली. अपंगांना दयेऐवजी काम मिळावे हा तिचा उद्देश होता. चाकाच्या खुर्चीतून हिंडणाऱ्या माणसांना बेप्पूच्या रस्त्यांवर, दुकानांत आणि स्नानगृहांत जी सहज जागा मिळाली तिचा उगम तोजीच्या शहरातील याच वैद्यकीय परंपरेत आहे. नरकांच्या छायाचित्रांपेक्षा ही गोष्ट कमी प्रसिद्ध असावी, हे खेदजनक आहे.

ताटातला इतिहास :

बेप्पूचे खाद्यपदार्थ पाहिल्यास शहराच्या वरील सर्व अवस्था त्यांत उमटलेल्या दिसतात. कान्नावाची दगडी चूल हा त्यांतील सर्वांत जुना थर. सुमारे शंभर अंश तापमानाच्या वाफेत भाज्या, अंडी, खेकडे, मासळी ठेवून झाकण लावतात; तेल लागत नाही, फारसा मसालाही लागत नाही. ‘जिगोकुमुशी’ म्हणजे नरकात वाफवलेले अन्न. प्रवाशांना स्वतः असे अन्न शिजवून पाहता यावे म्हणून २०१० मध्ये कान्नावात सार्वजनिक पाकगृह उघडण्यात आले. गरिबांच्या मुक्कामाची ही रीत आता पैसे देऊन घ्यावयाचा अनुभव झाली आहे.

आगबोटीच्या युगाबरोबर पाश्चात्त्य आणि चिनी पद्धतीचे भोजन आले. ‘तोरितेन’ म्हणजे पिठात बुडवून तळलेले कोंबडीचे तुकडे, हा पदार्थ १९२६ मध्ये स्थापन झालेल्या तोयोकेन या उपाहारगृहातून प्रचारात आला असे मानले जाते. काबोसु या लिंबासारख्या आंबट फळाचा रस त्यावर पिळतात. युद्धोत्तर थर म्हणजे ‘रेइमेन’. मांचुरियातून परतलेल्या माणसांनी कोरियन धर्तीच्या या थंड शेवया १९५० च्या सुमारास बेप्पूत आणल्या आणि स्थानिक चवीनुसार त्यांत बदल झाला. स्नानाने तापलेल्या शरीराला थंड शेवया मानवल्या असाव्यात. साम्राज्य कोसळल्यावर परतलेल्यांच्या हाती जे उरले त्यातील एक पदार्थ आज शहराचे वैशिष्ट्य म्हणून गणला जातो.

उपसागराच्या काठावरील शेजारच्या हिजी गावच्या ‘शिरोशिता कारेइ’ या चपट्या माशाचाही उल्लेख आवश्यक आहे. समुद्राच्या तळातून गोडे पाणी वर येते अशा जागी, किल्ल्याच्या पायथ्याशी, हा मासा मिळतो आणि त्याची चव त्यामुळेच वेगळी असते असे सांगतात. डोंगरात मुरलेले पाणी सर्वच गरम होऊन बाहेर येत नाही, याची ही रुचकर आठवण होय.

पाणी कोणाचे?

१९५७ मध्ये उंच मनोरा झाला, १९६४ मध्ये आसो ज्वालामुखीकडे जाणारा डोंगरी मोटाररस्ता खुला झाला. कंपन्यांच्या सहली आणि नवविवाहित जोडपी यांनी मोठमोठी हॉटेले भरू लागली. हॉटेलातच स्नान, भोजन, खरेदी आणि करमणूक होऊ लागल्याने प्रवासी रस्त्यावर उतरेनासा झाला. १९७० च्या दशकानंतर सामूहिक सहलींचा काळ सरला, तेव्हा हॉटेलांबरोबर गल्ल्याही ओस पडल्या. १९९६ मध्ये स्थानिक कार्यकर्त्यांनी शहरातील आठ जुन्या उष्णोदक वस्त्यांचे ‘स्वातंत्र्य’ घोषित केले. घोषणा विनोदी होती, आशय नव्हता : प्रत्येक वस्तीचे पाणी, इतिहास आणि चालीरीती निराळ्या आहेत, त्या प्रवाशाला पायी फिरून समजाव्यात. २००१ मध्ये अठ्ठ्याऐंशी स्नानगृहांत जाऊन शिक्के गोळा करणाऱ्यास उष्णोदकाचा ‘निष्णात’ ही पदवी देण्याची योजना निघाली. अठ्ठ्याऐंशी हा आकडा शिकोकूच्या प्रसिद्ध तीर्थयात्रेतील मंदिरांचा, हे जपानी माणसाला सांगावे लागत नाही. २००० मध्ये डोंगरावर रित्सुमेइकान आशिया पॅसिफिक विद्यापीठ सुरू झाले आणि अनेक देशांचे विद्यार्थी गल्लीतील स्नानगृहांत येऊ लागले.

एप्रिल २०१६ च्या कुमामोतो भूकंपाचे तीव्र धक्के बेप्पूलाही बसले आणि पर्यटकांनी आरक्षणे रद्द केली. त्याच वर्षी नगरपालिकेने एक चित्रफीत प्रसारित केली. तीत झोक्यांत, पाळण्यांत, गाड्यांत गरम पाणी भरून लोक मनोरंजन उद्यानात फिरताना दाखविले होते. दहा लाख लोकांनी ती पाहिली तर असे उद्यान प्रत्यक्षात आणू, असे आश्वासन महापौरांनी दिले होते. काही दिवसांतच हा आकडा ओलांडला गेला आणि जुलै २०१७ मध्ये, लोकवर्गणीच्या साहाय्याने, तीन दिवस ते उद्यान भरविण्यात आले. फुजी पर्वतावर खांब रोवणाऱ्या कुमाहाचीची परंपरा अशी चालू राहिली.

जाहिरात वाढविता येते. भूगर्भातील साठा तसा वाढत नाही. १९४८ च्या उष्णोदक कायद्याने नवीन छिद्र पाडण्यास शासनाची परवानगी आवश्यक ठरविली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ओइता प्रशासनाने बेप्पूच्या काही भागांत नव्या खोदकामास बंदी केली आणि अलीकडे हे क्षेत्र आणखी विस्तारण्यात आले. विजेचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. भूगर्भीय वाफेवर वीज निर्माण करण्याचा जपानमधील पहिला यशस्वी प्रयोग १९२५ मध्ये बेप्पूतच झाला होता, त्यातून १.१२ किलोवॅट वीज मिळाली. २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर, २०१२ पासून अशा विजेला निश्चित दर मिळू लागला आणि बेप्पूच्या वरच्या उतारावर अनेक लहान प्रकल्प आले. वर वाफ अधिक ओढली गेली तर खाली किनाऱ्याकडे येणाऱ्या पाण्याचे काय, ही भीती रहिवाशांनी व्यक्त केली. २०१६ मध्ये नगरपालिकेने वीजप्रकल्प आणि स्थानिक जीवन यांत मेळ राखण्यासाठी अधिनियम केला.

या भीतीमागे गल्लीतील स्नानगृह आहे. बेप्पूत अनेक घरांना आजही स्वतंत्र स्नानघर नाही किंवा असले तरी वापरले जात नाही. वस्तीतील कुटुंबे मासिक वर्गणी देतात, आळीपाळीने हौद घासतात आणि संध्याकाळी तेथेच भेटतात. खाली स्नानगृह व वर वस्तीचे सभागृह अशी दुमजली इमारत शहरात पुष्कळ ठिकाणी दिसते. सभासद वृद्ध होत आहेत, तरुण कुटुंबे घरातील फवाऱ्याला पसंती देतात आणि नळ बदलण्याचा खर्च उरलेल्या थोड्यांवर पडतो. काही स्नानगृहांना कुलूप लागले आहे. काहींच्या दारात बाहेरच्यांसाठी नाणी टाकण्याची पेटी ठेवलेली असते, आणि त्या नाण्यांतून हौदाची दुरुस्ती होते.